मावशी बदलून मिळतील

आमच्या राहूत ‘ब्युरो’ हा शब्द दोन धंद्यांसाठी चालतो. एक ब्युरो लग्नं जुळवतो. दुसरा मावशी पाठवतो, म्हणजे घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्याचं सगळं करायला बाई. दोन्हीकडे आधी नोंदणी फी. दोन्हीकडे फोटो आणि आधार कार्ड. दोन्हीकडे ‘समाज कुठला चालेल’ हे विचारतात. मावशीच्या बाबतीतही विचारतात, मला विचारलं. आणि दोन्हीकडे गिऱ्हाइकाची आशा तीच, की एक परकी बाई दारातून आत येईल आणि उद्यापासून घर सुरळीत चालेल.

२०२२ च्या पावसाळ्यात माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. ती तेव्हा ५३ वर्षांची होती आणि आदल्या दिवशी खुरपायला गेली होती. मी खराडीला सॉफ्टवेअरचं काम करतो. बहीण न्हावऱ्याला दिलेली. घरी अण्णा, चार एकर ऊस आणि दोन म्हशी. आईला दवाखान्यातून घरी आणल्यावर दोन महिने ताई येऊन राहिली, मग तिच्या सासरी कुरबुर सुरू झाली. तेव्हा आम्ही पुण्यातल्या एका ब्युरोला फोन केला. महिना २७ हजार, मावशींचं जेवणखाण आपल्याकडे. हा आकडा ऐकल्यावर आत्या म्हणाली, “दर महिन्याला एवढे घालवण्यापेक्षा तू लग्न कर. घरात माणूस येईल.”

आत्या मनाने वाईट नाही. तिने स्वतःच्या सासूचं नऊ वर्षं केलं आहे, आणि त्याबद्दल तिला कुणी एक रुपया दिलेला नाही की कुणी ‘थकलीस का’ म्हणून विचारलेलं नाही. तिच्या हिशोबात ती जगातली सर्वसाधारण गोष्ट सांगत होती. पण ब्युरोच्या ज्या भानगडींनी पुढचं वर्षभर आमची झोप उडवली, त्यांचं मूळ आत्याच्या त्या वाक्यातच आहे असं मला हळूहळू वाटायला लागलं. मग हे काम पूर्वी कोण करत होतं, त्याचे पैसे कधीपासून मिळायला लागले, ते मी वाचत सुटलो.

आधी भानगडी. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना त्या ओळखीच्या वाटतील.

पहिल्या मावशी उत्तम होत्या. आईचे केस विंचरताना तिच्याशी बोलायच्या, तिला उत्तर देता येत नाही म्हणून बोलणं थांबवायच्या नाहीत. एकोणीस दिवसांनी ब्युरोने त्यांना हडपसरच्या एका घरी हलवलं, कारण त्या घरी दर जास्त होता. दुसऱ्या मावशींना अंथरुणातल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्या दिवसभर आईशेजारी बसायच्या, आणि आई दिवसभर उताणी. माकडहाडापाशी आधी लाल डाग पडला, मग कातडी गेली, मग रुपयाएवढी जखम. ती भरायला अडीच महिने लागले. तिसऱ्या मावशी यवतला उतरल्या. अण्णा त्यांना मोटारसायकलवर घेऊन आले, तर दोन्ही बाजूंनी ऊस आणि वाटेत बिबट्याच्या गोष्टी. सकाळी पिशवी भरून त्या ओट्यावर बसलेल्या. त्यांनाही दोष कसा देणार? त्यांना ‘पुण्याजवळ’ एवढंच सांगितलेलं. चौथ्या मावशी चांगल्या रुळल्या होत्या, पण ब्युरोने त्यांचा दोन महिन्यांचा पगार अडकवला. आम्ही पैसे वेळेवर भरत होतो. ब्युरो आमच्याकडून २७ घेत होता आणि त्यांच्या हातावर १८ टेकवणार होता, तेही टेकवले नाहीत. त्या रडत गेल्या.

प्रत्येक वेळी मी फोन करायचो आणि पलीकडून तेच उत्तर यायचं, “काळजी करू नका सर, मावशी बदलून मिळतील.” करारातही तसंच लिहिलेलं, ४८ तासांत बदली. आणखी एक कलम होतं : मावशीला परस्पर कामावर ठेवल्यास ग्राहकाने ब्युरोला तीन महिन्यांची रक्कम भरावी. बदलून देणं हे ब्युरोचं काम, टिकवणं हे कुणाचंच नाही. आमच्या कंपनीत एखादा मुलगा सोडून गेला तर तो जाण्याआधी पंधरा दिवस नव्या माणसाला सगळं समजावतो, त्याला आम्ही ‘केटी’ म्हणतो. एका अॅपमधल्या बटणाचा रंग बदलण्यासाठी केटी होतं. आईला कुठल्या कुशीवर दुखतं, घास कुठल्या गालात ठेवला की ठसका लागत नाही, ‘अं’ म्हणजे पाणी की लघवी, यातलं काहीही एका मावशीकडून दुसऱ्या मावशीकडे कधी गेलं नाही. प्रत्येक वेळी आईलाच पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि तिला तर बोलताही येत नाही.

गावाकडच्या माणसाला हे सगळं नवं नाही. राहू बेट म्हणजे मुळा-मुठा आणि भीमेच्या मधला पट्टा, इथे ऊस आणि गुऱ्हाळं. दरवर्षी तोडीच्या टोळ्या येतात, मध्ये मुकादम असतो, उचल असते, आणि टोळी पळाली की कारखाना, शेतकरी आणि मुकादम तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. ब्युरोवाला हा एसीत बसलेला मुकादम आहे. माझ्याकडे आलेल्या चारपैकी तीन मावशीसुद्धा तिकडच्याच, मराठवाड्यातल्या.

आता मागे जाऊ.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ चं. आत्रे महसूल खात्यात होते, त्यामुळे कोण कुणाला काय देतं याकडे त्यांची नजर बारीक. गावातल्या प्रत्येक गरजेला माणूस नेमलेला : नांगराला सुतार, फाळाला लोहार, मोटेला चांभार, मडक्याला कुंभार, डोक्याला न्हावी, कपड्याला परीट, देवाला गुरव, पंचांगाला जोशी. प्रत्येकाचं बलुतं ठरलेलं. बाळंतपणाला सुईण होती आणि तिलाही लुगडं-चोळी, धान्य मिळायचं. मेल्यावर करायची कामंसुद्धा वाटून दिलेली. पण जन्म आणि मरण यांच्या मधोमध जो माणूस वर्षानुवर्षं पडून आहे, त्याचं करायला बारा बलुतेदारांत कुणी नाही. एवढा बारकाईने बांधलेला गाडा आणि त्याला हे चाकच नाही. गरज नव्हती असं कसं म्हणायचं? पडलेली माणसं तेव्हाही होती. फरक एवढाच, की ते काम घरातल्या बायकांच्या अंगावर होतं आणि घरातल्या बाईला बलुतं द्यायचं नसतं. सून असेल तर सून, नसेल तर घरात परत आलेली विधवा. सोवळी झालेली आत्या, केस काढलेली नणंद, ही वरच्या जातींतल्या घरांची चोवीस तासांची मावशी. तिला बदलून मागायची सोय नव्हती, आणि तिला सोडून जायचीही.

हे काम घराबाहेर आलं, त्याला मोबदला, शिक्षण, नाव मिळायला लागलं, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी ह्याच विधवा आहेत. आणि त्यातला एक मोठा तुकडा आमच्याच तालुक्यात घडला, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे केडगाव म्हटलं की लोकांना चौफुल्याची कलाकेंद्रं आठवतात. रेल्वे स्टेशनजवळचं मुक्ती मिशन ‘ते ख्रिश्चनांचं’ एवढ्यावर संपतं.

१८९७ साल घ्या. पुण्यात प्लेग. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाला, तेव्हा सावित्रीबाई फुले त्याला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. यशवंतराव म्हणजे एका विधवेचा, फुले दांपत्याने दत्तक घेतलेला मुलगा, शिकून डॉक्टर झालेला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. मुंढवा खराडीच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठाला. ऑफिसला जाताना मी ज्या पुलावरून जातो त्याच्याखालचं पाणी दोनेक दिवसांनी आमच्या राहूला पोचत असेल. आजारी माणसाला हात लावणं हा त्या काळात जातीचा प्रश्न होता, आणि जिवाचाही. सावित्रीबाईंनी दोन्ही बाजूंची किंमत मोजली.

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंची अडचण वेगळी होती. त्यांचं शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झालं आणि १८९० ला पुण्यात आलं. धर्मांतराच्या आरोपांवरून पुण्याच्या पुढाऱ्यांशी त्यांचं वाजलेलं होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या, शेकड्यांनी. प्लेगच्या नियमांमुळे एवढ्या जणींना पुण्यात ठेवता येईना. केडगावला रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन ठेवलेली होती, फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालवावी म्हणून. त्या माळावर हा सगळा संसार हलला आणि १८९८ साली तिथे ‘मुक्ती सदन’ उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांच्या वर गेली.

ह्या धांदलीत रमाबाईंनी केलेली एक तक्रार मला फार जवळची वाटते. त्यांच्याकडच्या एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात नेलं, आणि ती तिथल्या पहारेकऱ्याच्या तावडीत सापडली. रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला जाहीर पत्र लिहून इस्पितळातल्या वागणुकीचा पंचनामा केला. प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटात विचारलं गेलं. मुंबई सरकारने तक्रार फेटाळली. ‘आमचं माणूस तुमच्या ताब्यात दिलं, तुम्ही नेमलेल्या नोकराने त्याचं काय केलं?’ हा प्रश्न महाराष्ट्रात एवढ्या मोठ्याने विचारणाऱ्या पहिल्या काही जणांत रमाबाई आहेत. उत्तरही आजच्यासारखंच मिळालं : तसं काही झालेलं नाही.

रमाबाईंना स्वतःला कमी ऐकू यायचं. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला, आणि बहिरेपणामुळेच तो बेत सोडावा लागला. अपंगत्व आयुष्याचा रस्ता कसा वळवतं ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. म्हणूनही असेल, पण केडगावला जी माणसं आली त्यांत ‘उपयोगाची’ आणि ‘बिनउपयोगाची’ अशी निवड झाली नाही. म्हाताऱ्या आणि पांगळ्या बायकांसाठी प्रीती सदन होतं. अंध मुलींसाठी वेगळं सदन होतं, आणि रमाबाईंच्या मुलीने, मनोरमाबाईंनी, त्यांना ब्रेल शिकवायची सोय केली. शारदा सदनातल्या जुन्या विद्यार्थिनी नव्या मुलींच्या देखरेखीला असायच्या. ज्या बायकांना घराने टाकलं होतं, त्याच एकमेकींचं करत होत्या. शेती, विणकाम, छापखाना हे सगळं बाजूला चालू होतं, म्हणजे नुसतं पडून राहणं नव्हतं.

मला तिथलं सगळं सोनेरी करून सांगायचं नाही. शिस्त कडक होती, धर्माचा आग्रह होता, आणि ज्याला आपण पगार म्हणतो तो नव्हता. श्रद्धेवर चाललेलं काम होतं. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. त्यानंतर संस्था बंद पडायला हवी होती, आपल्याकडच्या बहुतेक गोष्टी माणूस गेल्यावर पडतात तशी. ती आजही चालू आहे. काम एका माणसाच्या अंगावर ठेवलं नव्हतं म्हणून चालू आहे, असं मला वाटतं.

पगाराची बाजू पुण्यात सुरू झाली. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली पुण्याचं सेवासदन काढलं. तिथे शिवण, मराठी, शिक्षिकेचा अभ्यास हे होतंच, पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. चांगल्या घरच्या विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. आज हे वाचताना डोळ्यांवरून सरकून जातं. तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी निषिद्ध होती. शहाणपण असं की त्यांनी ह्या बायकांसाठी वसतिगृह ठेवलं, पाठीशी संस्थेचं नाव ठेवलं. ‘एकटी बाई इस्पितळात काम करते’ याऐवजी ‘सेवासदनची बाई’ असं झालं.

यातून नर्स उभी राहिली. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ ला, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला, १९६६ ला महाराष्ट्राचा नर्सेस अॅक्ट. अभ्यासक्रम, परीक्षा, नोंदणी क्रमांक, गणवेश. चांगलंच झालं. पण ज्या क्षणी नर्स ही कायद्यात बसली त्या क्षणी कामाचे दोन भाग पडले. सुई, सलाईन, औषधाचा तक्ता हे सिस्टरचं. पुसणं, धुणं, उचलणं, भरवणं, कूस बदलणं हे आयाचं. ‘आया’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि तो मुलं सांभाळणाऱ्या बाईचा. शब्दसुद्धा दुसऱ्या कामाचा उसना घेतला, कारण ह्या कामाला स्वतःचं नाव द्यावं असं कुणाला वाटलं नाही. पुढे आया म्हणणं कमीपणाचं वाटायला लागलं, तेव्हा ‘मावशी’ आलं. गंमत बघा, एक सिस्टर आणि एक मावशी, दोघींनाही आपण नात्यानेच हाक मारतो. फक्त त्यातल्या एका नात्याला रजिस्टर आहे.

आणि अंथरुणातल्या माणसाला वर्षानुवर्षं जे लागतं ते बहुतेक सगळं मावशीच्या वाट्याचं. आईला तीन वर्षांत इंजेक्शनं किती लागली असतील? कूस किती वेळा बदलली असेल, याचा हिशोब करायला मी एकदा बसलो आणि दहा हजारांच्या पुढे गेल्यावर सोडून दिला.

हे काम नीट झालं तर काय होतं याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण परळच्या केईएम रुग्णालयात आहे. अरुणा शानभाग ही तिथलीच नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, मेंदूला इजा झाली, आणि ती १८ मे २०१५ ला गेली. म्हणजे ४१ वर्षं आणि सहा महिने ती अंथरुणात होती. २०११ मध्ये इच्छामरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर तिची स्थिती आली, तेव्हा न्यायालयाने परिचारिकांच्या सेवेचं मनापासून कौतुक केलं. लोकांना ह्या गोष्टीतला हल्ला आठवतो, किंवा इच्छामरणाचा वाद आठवतो. मला त्यातलं तिसरंच दिसतं. एक्केचाळीस वर्षांत तिचं करणाऱ्या बायका कितीदा बदलल्या असतील! ज्यांनी पहिल्या दिवशी केलं त्या निवृत्त झाल्या, काही वारल्या. शेवटी जिने केलं ती १९७३ साली जन्मलीही नसेल. मावशी बदलत होत्याच. तरी काम तुटलं नाही. कारण पाळी बदलताना आधीची दुसरीला सांगून जात होती. वर मेट्रन होती. नोकरी कायमची होती, पगार महापालिका देत होती, रजा घेतली तर दुसरी येत होती. १९८० च्या दशकात पालिकेने अरुणाला तिथून हलवायचा घाट घातला तर परिचारिका आंदोलनाला उतरल्या आणि तो बेत मागे घ्यावा लागला. ब्युरोच्या बाईने गिऱ्हाइकाच्या बाजूने असं उभं राहायचं ठरवलं तर कशाच्या जोरावर राहणार? तिला पुढच्या आठवड्यात कुठल्या घरी असू हेही माहीत नसतं.

हे वाचल्यावर मी आमच्या घरात एक साधी गोष्ट केली. दोनशे पानी वही आणली आणि पलंगाला सुतळीने बांधली. वेळ, कूस, खाणं, लघवी, जखमेचा रंग. येणारी वाचेल, जाणारी लिहील. अण्णा हसले, गुऱ्हाळावर कढईची वही असते तशी ही आईची वही. पण वही हा काही कायदा नव्हे.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्राला हे कोडं सोडवता येत नाही असं नाही, एकदा सोडवून झालं आहे. आमच्या गुऱ्हाळातला गूळ पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो. तिथे ढेपा उतरवणारा हमाल कुणा एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो. सकाळी ह्याच्या गाळ्यावर, दुपारी त्याच्या. मालक अनेक, कायमचा एकही नाही. हीच मावशीची गत. हमालांनी संघटना बांधली, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटलांचं माथाडी आंदोलन, आणि १९६९ साली माथाडी कायदा आला. त्याची युक्ती सोपी आहे. मधला टोळीवाला काढायचा आणि त्याच्या जागी एक मंडळ बसवायचं, ज्यात सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. मालकाने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळ मजुरी देणार आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी बघणार. १९८१ साली हीच युक्ती खासगी सुरक्षा रक्षकांना लावली आणि त्यांचंही मंडळ झालं.

माथाडीच्या नावाने चालणारी खंडणी मलाही माहीत आहे, आणि सुरक्षा रक्षकांच्या कायद्यातून सूट घेतलेल्या एजन्सीही. तरीही, गुळाची ढेप उचलणाऱ्यासाठी मंडळ आहे, सोसायटीच्या फाटकावर बसणाऱ्यासाठी मंडळ आहे, आणि माझ्या आईला उचलणारीसाठी ते नाही. तिला मिळालं ते घरेलू कामगार कल्याण मंडळ, २००८ च्या कायद्याने. तेही फुकट मिळालेलं नाही. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी पगारवाढ आणि सुट्ट्यांसाठी संप केला, त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि कायदा यायला अठ्ठावीस वर्षं गेली. त्यात नोंदणी आहे, अपघातात मदत, मुलांच्या शिक्षणाला मदत, अंत्यविधीला मदत आहे. किती तास काम आणि किती पगार, हे नाही. आणि ब्युरोने मधले नऊ हजार का घ्यावेत, हे तर नाहीच.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मी आईच्या प्रमाणपत्राच्या कामासाठी पहिल्यांदा वाचला. त्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. आईबाप, घरातली माणसं किंवा इतर कुणीही, मोबदला घेऊन वा न घेता दिव्यांग व्यक्तीचं करतो तो काळजीवाहक. आत्याची नऊ वर्षं आणि चौथ्या मावशींचे अडकलेले दोन महिने एका वाक्यात आले, मी तरी असं आधी कुठे पाहिलं नव्हतं. जास्त आधाराची गरज असलेल्यांना काळजीवाहक भत्ता द्यावा असंही त्याच कायद्यात लिहिलं आहे, अर्थात सरकारच्या ऐपतीच्या मर्यादेत. मी ते कलम आत्याला मराठीत वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आता देत्यात व्हय? माझी सासू जाऊन सोळा वर्षं झाली.”

पाचव्या मावशी हिंगोलीकडच्या आहेत. ब्युरोचा अकरा महिन्यांचा करार संपल्यावर आम्ही तो पुन्हा केला नाही, थेट त्यांच्याशी बोललो. ब्युरोने कलम दाखवून वकिलाची भाषा केली, मीही मुदत संपल्याचा कागद दाखवला, मग फोन थांबले. मावशींनी तीन गोष्टी मागितल्या. २३ हजार, महिन्याच्या एक तारखेला, त्यांच्याच खात्यावर. रात्री दोन ते पाच सलग झोप, त्या वेळची कूस घरातल्या कुणीतरी बदलायची. आणि आठवड्याला एक दिवस पूर्ण सुट्टी, जेवण करायलाही हाक मारायची नाही. तिसरी मागणी ऐकून अण्णा गप्प बसले. शेतात बैलाला पोळ्याची सुट्टी देणारा माणूस, पण घरातल्या कामाला सुट्टी असते हे त्यांनी आईच्या बाबतीत तीस वर्षांत ऐकलेलं नव्हतं. मग म्हणाले, “ठीक. रविवार.”

शनिवारी रात्री मावशी लेकीकडे मांजरीला जातात. मी खराडीहून येतो तोवर सकाळचे नऊ वाजतात, त्यामुळे पहाटेचं सगळं अण्णांवर. पहिल्या काही रविवारी ते वहीत काहीच लिहायचे नाहीत, विचारलं की ‘केलं की’ म्हणायचे. परवाच्या रविवारी मी पान उघडलं तर त्यांच्या उसाच्या बिलावर असतं तशा वाकड्या अक्षरात ओळ होती : ‘५.४० डावी कूस. पाणी अर्धा पेला. जखम नाय. हिला गरम होतंय, चादर पातळ पायजे.’